शेडमधला गंज मी पुसून टाकला

रेल्वेच्या शेडचं मॉडेल करायचं म्हणजे आधी गंज लावायचा, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. भोकं पडलेले पत्रे, ढासळलेला गिलावा, रुळांवर तांबूस थर, कोपऱ्यात मोडकी चाकं, छताला काजळी. पडझड जितकी जास्त तितकं मॉडेल खरं, असा माझा हिशोब होता. तो हिशोब आता राहिला नाही. अकोल्याच्या माझ्या घरात, मागच्या खोलीत, नॅरोगेजच्या कॅरेज शेडचं जे मॉडेल टेबलावर उभं आहे, त्याच्या आतला जवळजवळ सगळा गंज मी काढून टाकला आहे. ज्यांनी ते आधी पाहिलं होतं त्यांना ते आता फिकं वाटतं. एकदोघांनी तसं तोंडावर सांगितलंही. त्यांना उत्तर द्यावं आणि आपलं आपल्यालाही नीट कळावं, म्हणून हे लिहितो आहे.

गाडी कोणती, ते वऱ्हाडातल्या वाचकाला सांगायची गरज नाही. शकुंतला. मूर्तिजापूरहून एक फाटा दर्यापूर-अंजनगाववरून अचलपूरला जाणारा, दुसरा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला. दोन्ही मिळून सुमारे 190 किलोमीटर, आणि दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. किलिक-निक्सन या इंग्रज पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ही लाइन उभी केली ती कापसासाठी. इकडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाइनवर आणायचा, तिथून मुंबई, मुंबईहून मँचेस्टर. त्याच मँचेस्टरमध्ये 1921 साली बांधलेलं झेडी जातीचं वाफेचं इंजिन 1923 पासून या लाइनवर धावलं आणि 15 एप्रिल 1994 ला कामावरून उतरलं. पुढे डिझेल आलं. देशातल्या बाकी रेल्वे सरकारच्या झाल्या तरी ही लाइन कंपनीच्या मालकीची राहिली आणि गाडी मात्र रेल्वेने चालवली. गेल्या दशकात तीही थांबली.

गाड्यांच्या बाबतीत आमचा अकोला जिल्हा मोठा भाग्यवान होता. मुंबई-नागपूरची मोठी लाइन, खंडवा-पूर्णा मीटरगेज आणि मूर्तिजापूरची नॅरोगेज: 1676, 1000 आणि 762 मिलिमीटर, तिन्ही मापं तेव्हा एकाच जिल्ह्यात होती. लहानपणी ज्याने ही तिन्ही पाहिली त्याला रुळांचं वेड लागलं नाही तरच नवल.

मॉडेलसाठी मी 1:48 हे प्रमाण धरलं. 762 ला 48 ने भागलं की 15.9 मिलिमीटर येतात, आणि एचओ गेजचा तयार रूळ 16.5 मिलिमीटरचा मिळतो. खऱ्या मापात फरक इंचभराचा पडतो. डोळ्याला तो कळत नाही. या प्रमाणात माणूस साधारण 34 मिलिमीटरचा, वीट पाचाला थोडी कमी, टिनाच्या पत्र्याची एक नाली दीड मिलिमीटरची. मूर्तिजापूरच्या शेडची हुबेहूब नक्कल करायचा माझा विचार कधीच नव्हता. अशा लाइनवरची, अशा मुलखातली, दोन रुळांची कॅरेज शेड आतून दाखवायची, एवढंच मनात होतं. छप्पर उचलून बाजूला ठेवता येतं आणि आत डोकावता येतं.

त्या छपरावर माझा फार जीव होता. थंड पेयाच्या डब्याचं ॲल्युमिनियम कापायचं, दोन दातेरी पट्ट्यांमध्ये दाबून नाल्या पाडायच्या आणि मग फेरिक क्लोराइडमध्ये बुडवायचं. इलेक्ट्रॉनिक्सची कामं करणारे सर्किट बोर्ड कोरायला वापरतात तेच. काही क्षण काहीच होत नाही. मग एकदम फसफसतं, वाफ निघते, द्रावण तापतं. योग्य वेळी चिमट्याने पत्रा बाहेर काढला की कडा कुरतडलेल्या, मधे सुईच्या टोकाएवढी भोकं, रंग काळपट तांबूस. (खिडकी उघडी ठेवून, हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करावं, ही वाफ श्वासात जाऊ देण्यासारखी नाही.) असा पत्रा छतावर चढवला आणि त्याच्या भोकांतून दिव्याचा उजेड आत पडला की पाहणारा हमखास थबकायचा. मलाही वाटायचं, हेच ते.

ही आवड आली कुठून? ब्रिटनमध्ये मुख्य लाइनवरची वाफेची इंजिनं ऑगस्ट 1968 मध्ये संपली. त्याआधीची काही वर्षं तिथे इंजिनं पुसायला माणसं मिळत नव्हती, आणि जी थोड्या दिवसांत भंगारात जाणार त्यांच्यावर खर्च कशाला, हाही विचार होताच. त्यामुळे शेवटच्या वर्षांतली तिथली इंजिनं आणि शेड घाणीने माखलेल्या होत्या. नेमक्या त्याच वर्षांत हौशी लोक कॅमेरे घेऊन शेडमधून फिरले. ते फोटो पाहून मॉडेल करणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्या घडल्या, त्यांची पुस्तकं आणि मासिकं फिरत फिरत माझ्यासारख्यांच्या हाती आली, आणि खरेपणाची कसोटी म्हणून आम्ही ती काजळी उचलली. ती एका देशाच्या काही थोड्या वर्षांची काजळी होती. मूर्तिजापूरच्या उन्हाशी आणि मातीशी तिचा काही संबंध नव्हता.

इकडेही तसंच झालं. शकुंतलेवर जे लिहून आलं, जे फोटो छापून आले, ते बहुतेक सगळे तिच्या उतरत्या काळातले. गवतात बुडालेले रूळ, ओस पडलेली स्टेशनं, गार्डनेच तिकिटं फाडायची. लिहिणाऱ्यांचा कळवळा खरा होता, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या सगळ्यातून माझ्या मनात गाडीची जी मूर्ती बसली ती आजारी गाडीची. मी शकुंतलेवर प्रेम करत होतो असं मला वाटे. खरं म्हणजे तिच्या मरणकळेवर करत होतो.

मूर्तिजापूरला एक काका आहेत. रेल्वेच्या कॅरेज-वॅगन विभागात खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागले आणि फिटर होऊन निवृत्त झाले. अकोल्याला लेकीकडे आले होते तेव्हा आमच्या घरी आले. मी छप्पर उचललं, दिवा लावला. बराच वेळ ते वाकून पाहत राहिले. कौतुकाचा शब्द नाही.

"हे बंद पडल्यावरचं हाये का भाऊ?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. चालू असतानाचं. डबा दुरुस्तीला लागलाय बघा."

"मंग गंज कसा काय? गंज कुठी चढते? जिथी चाक फिरत नाही तिथी. रोज गाडी आत-बाहेर होते त रूळ चांदीवानी चमकते." थोडं थांबून ते म्हणाले, "आन मंग आमी तिथी काय करत होतो?"

राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. ते खरंच विचारत होते. चहा घेऊन, नातवासाठी मी दिलेला एक जुना डबा पिशवीत घालून ते गेले.

मला ते लगेच पटलं असं नाही. रुळांचं ठीक आहे, म्हटलं, तेवढे चमकवू. बाकीचं राहू दे. बारीक पॉलिश पेपर घेऊन रुळांचा माथा घासला. माथा पांढरा झाला, बाजू तांबूसच राहिल्या, आणि हे बरोबरच होतं, कारण चाक फक्त माथ्यावरून जातं. पण रूळ चमकू लागल्याबरोबर त्यावर उभ्या असलेल्या डब्याची चाकं खोटी दिसायला लागली. रूळ घासला गेला तो चाकाने, मग चाकाचा घेर गंजका कसा? तो घासला. मग ब्रेक ब्लॉककडे नजर गेली. बिडाचा ब्लॉक चाकावर घासतो तेव्हा त्याची भुकटी उडते, ती डब्याच्या पोटाखाली बसते आणि हवेत तांबूस होते. म्हणजे डब्याखालचा जो तांबूस रंग मी गंज म्हणून लावला होता, तो असायलाच हवा होता, पण वेगळ्या जागी आणि वेगळ्या कारणाने: चाकांच्या मागेपुढे दाट, डब्याच्या मध्यावर विरळ. गंज म्हणून मी तो सगळीकडे सारखा फासला होता. एका रुळाच्या माथ्यापासून सुरू झालेलं काम अशा रीतीने शेडभर पसरलं, आणि प्रत्येक पृष्ठभाग विचारू लागला: इथे रोज कोणाचा हात लागतो?

काजळीचा प्रश्न तर मी आधी विचारलाच नव्हता. इंजिन शेड वेगळी आणि कॅरेज शेड वेगळी. इंजिन शेडमध्ये धूर छताला लागतो, म्हणून तिथे धुराडी लागतात आणि कैच्या काळ्या होतात. कॅरेज शेडमध्ये इंजिन डबे ढकलून देतं आणि मागे जातं. काजळी असलीच तर ती दाराच्या तोंडाशी, पहिल्या एकदोन कैच्यांपर्यंत. आत छताखाली धूळ असेल, कोळ्याची जाळी असतील, रंगाच्या कामाचे शिंतोडे असतील, सुताराने रंधा मारला असेल तर लाकडाचा बारीक भुसा असेल. लाकूड, रंग, तेल आणि वंगण यांची ही जागा. मी मात्र आतून सगळं काळं केलं होतं. त्या काळ्यात सुताराचं काम दिसायला जागाच नव्हती.

ॲक्सल बॉक्सविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण माझं मन जर कुठे पुरतं फिरलं असेल तर तिथे. चाकांच्या आसाचं टोक ज्या पेटीत फिरतं ती ही पेटी. जुन्या डब्यांत आत बेअरिंग आणि तेलात भिजवलेलं सुताचं वेस्ट. तेल कमी पडलं की आस तापतो, धूर निघतो, वेळेत लक्षात आलं नाही तर आस तुटून डबा घसरतो. म्हणून गाडी आली की तपासणारा माणूस डब्याच्या कडेने चालत जातो आणि प्रत्येक पेटीला हाताचा मागचा भाग लावून पाहतो. तळवा लावत नाहीत. पेटी तापलेली असेल तर तळवा भाजला की दिवसभराचं काम बसलं. काकांनी माझ्या टेबलाच्या कडेला हात लावून ते दाखवलं होतं: चालता चालता, न थांबता, बोटांची मागची पेरं टेकवायची आणि पुढे. मी ते पाहिलं आणि तेव्हा विसरलो.

माझ्या मापात ती पेटी जेमतेम पाच मिलिमीटरची. मी तिच्यावर गंजाचा रंग, त्यावर धूळ, त्यावर पुन्हा गंज असे थर दिले होते. आता भिंग लावून ती पुन्हा रंगवायला घेतली. पेटीच्या खालच्या अंगाला झिरपलेल्या तेलाचा ओलसर काळा डाग, त्यावर चिकटलेली धूळ. झाकणाच्या कडेला, जिथे ते उघडताना अंगठा लागतो, तिथे धातू उघडा. आणि वरच्या बाजूला एक जागा, जिथे धूळ टिकत नाही, कारण दररोज कोणाची तरी पेरं तिथे टेकतात. ती जागा दाखवायला काळ्या रंगावर अगदी कोरड्या ब्रशने पेन्सिलच्या शिशाची भुकटी घासली. एक मिलिमीटरही नसेल. फोटोत येत नाही. पण ती घासताना मला पहिल्यांदा वाटलं की या डब्याला कोणीतरी सांभाळत आहे.

त्यानंतर भिंती. इथे मला स्वतःची मेहनत पुसावी लागली, आणि जड गेलं. मी पुठ्ठ्यावर एकेक वीट कोरली होती, सांधे खोल, काही विटा फुटक्या. पण शेडच्या भिंतींना चुना देतात, आणि तो शोभेसाठी नसतो. डब्याच्या खाली, दोन चाकांच्या मधे, वाकून पाहणाऱ्या माणसाला उजेड हवा असतो. दारातून आलेला उजेड पांढऱ्या भिंतीवर आपटून खाली जातो. चुन्याचा हात वर्षानुवर्षं चढत गेला की विटांचे सांधे बुजतात, कडा गोल होतात. म्हणजे कोरलेल्या विटा दिसायलाच नकोत. त्यांचा पुसट आभास हवा. मी पातळ गिलाव्याचे थर दिले आणि माझ्या विटा त्यात बुडवल्या. खाली तीन फुटांचा, म्हणजे माझ्या मापात 19 मिलिमीटरचा, डांबराचा काळा पट्टा ओढला. पांढरा रंग मात्र डबीतला तसाच लावून चालत नाही. लहान मापात शुद्ध पांढरा डोळ्याला टोचतो. पिवळ्या मातीचा थेंब आणि राखाडीचा थेंब घालून त्याला जुना करावा लागतो.

भिंत पांढरी झाली आणि उजेडाचा सगळा हिशोब बदलला. आधी मी छताला पिवळे एलईडी टांगून, भोकांतून किरण पाडून गूढ अंधार केला होता. आता दोन्ही दारांच्या बाहेर दिवसाच्या उजेडाचे पांढरे दिवे लावले आहेत आणि आतले बंद ठेवले आहेत. उजेड दारातून जमिनीवर पडतो, तिथून भिंतीवर, भिंतीवरून डब्याच्या पोटाखाली. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात बाहेरून पाहिलं तर शेडचं दार काळं दिसतं, पण आत जाऊन क्षणभर उभं राहिलं की सगळं स्वच्छ दिसायला लागतं. दोन्ही एकदम दाखवता येत नाही. मी आत उभ्या राहिलेल्या माणसाचा डोळा निवडला.

जमीनही नव्याने करावी लागली. आधी मी लाइनीकडेची खरी काळी माती आणून, चाळून, फेविकॉलच्या पाण्यात कालवून पसरली होती. खरी माती म्हणजे खरं मॉडेल, असा साधा विश्वास. काळी माती वाळताना तडकते हे वऱ्हाडातल्या पोराला सांगावं लागत नाही. माझ्या शेडमध्येही ती तडकली, आणि केसाएवढी भेगही 48 पट केली तर नजरेत भरण्याएवढी होते. शिवाय काळी माती ओली असते तेव्हा काळी. उन्हाळ्यात तिची धूळ राखाडी-तपकिरी उडते. आता खाली मुरुमाचा रंग आहे, खलबत्त्यात कुटलेली विटेची आणि राखेची भुकटी आहे, आणि कामाच्या जागी तेलाने घट्ट बसलेले काळे पट्टे. आणि जमीन झाडलेली आहे. हे मी मुद्दाम लिहितो. गाडगेबाबा जन्मले अंजनगावच्या बाजूला शेंडगावात, लहानाचे मोठे झाले मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात. त्यांचा खराटा याच लाइनीच्या मुलखातला. त्या मुलखात शेड झाडलीच जात नसेल, असं मी गृहीत धरलं होतं ते कशाच्या आधारावर? सकाळी खराटा फिरल्याच्या बारीक रेघा भिंतीच्या कडेला काढल्या आहेत, आणि केराचा छोटा ढीग दाराशी.

माणसं सगळ्यात शेवटी आली. माझ्या कुठल्याच मॉडेलमध्ये पूर्वी माणसं नसत. बाहुली ठेवली की मॉडेल खेळणं दिसतं, असं माझं मत होतं आणि त्यात तथ्यही आहे: हातोडा उगारलेला माणूस काल उगारून होता, आज उगारून आहे, उद्याही तसाच, आणि पाहणाऱ्याला ते खुपतं. पण झाडलेली जमीन आणि हात लागून काळी-पांढरी झालेली पेटी माणसाविना विचित्र वाटू लागली. तेव्हा मी ज्या अवस्थेत माणूस खरोखरच बराच वेळ राहतो अशाच अवस्था घेतल्या. एक बाकावर बसून पेटीचं झाकण पुसतोय. एक डब्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभा, वर पाहतोय. एक पिटमध्ये, म्हणजे डबा खालून दुरुस्त करायला रुळांमध्ये असतो त्या खड्ड्यात.

पिटमधल्या माणसाने मला नॅरोगेज पुन्हा शिकवली. रुळांमध्ये अडीच फूट, त्यातून पिटच्या भिंती वजा करा. 34 मिलिमीटरची बाहुली आत सोडली तर खांदे कसेबसे मावतात, आडवं वळायला जागा नाही. आणि वरचा डबा रुळांच्या जवळजवळ तिप्पट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी झाकण पडल्यागत अंधार. प्लॅटफॉर्मवरून पाहताना छोटीशी, गोड वाटणारी ही गाडी खालून दुरुस्त करणाऱ्याच्या अंगाशी येते. मोठ्या लाइनीवरच्या फिटरला पिटमध्ये जेवढी मोकळीक असते तेवढी याला नाही. मी पिटच्या भिंती खांद्याच्या उंचीवर गडद केल्या, कपडा घासून येतो तशा. काका ज्या कामातून निवृत्त झाले ते काम काय होतं, हे मला त्यांच्या बोलण्यातून जेवढं कळलं नव्हतं तेवढं ती बाहुली आत बसवताना कळलं.

कोणी म्हणेल, मग तुम्हाला संग्रहालयातल्यासारखी चकचकीत गाडी हवी. तसंही नाही. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, 2002 पासून. मी तिथे आवर्जून जातो आणि ते आहे म्हणून मनापासून समाधान वाटतं. तिथल्या वस्तू नसत्या तर माझ्यासारख्याने मापं कुठून घेतली असती? पण जपून ठेवलेल्या इंजिनावरचा नवा रंग सगळीकडे सारखा असतो. दांडीवर जिथे ड्रायव्हरचा हात लागायचा तिथेही आणि जिथे कधीच कोणाचा हात लागला नाही तिथेही. गंजानेही तेच होतं: सगळीकडे सारखा. मॉडेल करणाऱ्याला मला आता एकच सांगावंसं वाटतं की सारखेपणा दिसला की संशय घ्यावा. वाइसचा जबडा चमकतो आणि त्याचा पाया तेलकट असतो. त्याच्यासमोरचं लाकूड खोलगट झालेलं असतं. बाकाच्या दोन टोकांपैकी एकच गुळगुळीत असतं, कारण दुसऱ्या टोकाला पान्हे ठेवलेले असतात.

या बदलात गमावलंही काही. फोटो पूर्वीसारखे उठावदार येत नाहीत. छप्पर उचललं की पूर्वी जो उसासा ऐकू यायचा तो आता येत नाही. लोक नुसते पाहतात, काही जण विचारतात हा माणूस काय करतोय. अमरावतीचा माझा एक मॉडेलकार मित्र म्हणतो की जे संपलं ते संपल्यासारखंच दाखवावं, नाहीतर आपण स्वतःला फसवतो. त्याचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. आज लाइनीवर जा, गवत आहे, आणि ते दाखवणारं मॉडेलही कोणीतरी करायला हवंच. पण ज्यांनी आयुष्य शेडमध्ये घालवलं त्यांच्या दृष्टीने ती जागा कामाची होती, संपण्याची नव्हती. शेवटची काही वर्षं सोडली तर अनेक दशकं तिथे रोज सकाळी कोणीतरी कुलूप काढलं. मी त्या दशकांची बाजू घेतली आहे. म्हणून मॉडेलचा काळ 1993 चा हिवाळा असा ठरवला: कापसाचा हंगाम, वाफेचं इंजिन अजून लाइनीवर.

सगळा गंज मात्र गेलेला नाही. शेडच्या बाहेर, टोकाच्या रुळावर, एक कंडम झालेला डबा उभा आहे. त्याचे सुटे भाग काढून आतल्या डब्याला लावले आहेत, चाकांखाली लाकडी ठोकळे आहेत, आणि त्याच्याखालचा रूळ पूर्ण तांबूस आहे, कारण तिथे चाक फिरत नाही. फेरिक क्लोराइडमधून काढलेला माझा सगळ्यात चांगला पत्रा मी त्याच्या छपराला वापरला.

अजून बरंच बाकी आहे आणि ते मला पुस्तकांत सापडणार नाही. शेडमधले लोक पाण्याचा माठ कुठे ठेवायचे, दाराजवळ की आतल्या गारव्याला? उन्हाळ्यात टिन तापल्यावर पिटमधलं काम पहाटे उरकायचे की दुपारीही चालायचं? विश्वकर्म्याचा फोटो कोणत्या भिंतीवर होता, डब्यावर खडूने खुणा करताना कोणती खूण कशासाठी, वेस्ट संपलं तर काय वापरायचे, जेवणाचे डबे कुठे टांगायचे? हे सांगू शकणारी माणसं मूर्तिजापूरला आहेत, दारव्ह्याला आहेत, अचलपूरला आहेत, आणि त्यांतली बरीच आता ऐंशीकडे झुकली आहेत. यांपैकी कोणी तुमच्या घरात किंवा शेजारी असेल तर त्यांच्याजवळ बसा, विचारा, लिहून ठेवा, हाताने जागा दाखवायला लावा. बाक उत्तरेच्या भिंतीला होतं एवढं जरी कोणी खात्रीने सांगितलं, तरी मी माझी भिंत पुन्हा उघडायला तयार आहे.